परवाना शिकारीचा, परीक्षा संयमाची!

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या देशांत 'प्रोफेशनल हंटर' हे रीतसर करिअर आहे. त्यासाठी शाळा आहे, लेखी पेपर आहेत, वर्षानुवर्षांची उमेदवारी आहे. पण या नोकरीचं भविष्य तिथल्या जंगलात नाही, तर लंडन आणि ब्रसेल्सच्या संसदेत ठरतंय. असं का?

बारावी झाली की आपल्याकडे प्रश्न ठरलेला, पुढे काय? इंजिनीअरिंग, मेडिकल, सीए, एमपीएससी... उत्तरांची यादीही ठरलेलीच. झिम्बाब्वे किंवा नामिबियातल्या एखाद्या रँचवर वाढलेल्या मुलाने मात्र याच प्रश्नाला 'पीएच होणार' असं उत्तर दिलं, तर घरात कुणी डोक्याला हात लावत नाही.

पीएच म्हणजे पीएचडी नव्हे बरं का! पीएच म्हणजे प्रोफेशनल हंटर. पैसे भरून शिकारीला आलेल्या परदेशी पाहुण्याला जंगलात घेऊन जाणारा, त्याला जनावर दाखवणारा आणि त्याला जिवंत परत आणणारा परवानाधारक शिकारी.

आपल्या कानाला हे विचित्र वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकार म्हटलं की आपल्याला एकतर राजेमहाराजांचे मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले काळे-पांढरे फोटो आठवतात, नाहीतर कोर्टकचेरी. शिकार हा गुन्हा, विषय संपला. पण दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे, बोत्सवाना, झाम्बिया, मोझांबिक या देशांत विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तो इतका तापलाय की एका देशाच्या राष्ट्राध्यक्षाने थेट जर्मनीला '२० हजार हत्ती पाठवू का?' असं विचारलं. त्याकडे येऊच. आधी ही नोकरी नेमकी आहे काय ते बघू.

ट्रिगर पाहुण्याचा, जबाबदारी पीएचची

पीएच स्वतः शिकार करतो, हा पहिला गैरसमज. गोळी बहुतेक वेळा क्लायंट झाडतो. पीएचचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. पहाटे उठून माग काढायचा, वारा कुठून वाहतोय ते बघायचं, कळपातला नेमका कुठला नर म्हातारा आहे ते ओळखायचं, क्लायंटला चालत जवळ न्यायचं आणि मग 'आता' किंवा 'नाही' म्हणायचं. दक्षिण आफ्रिकेत तर कायदाच आहे. परदेशी शिकाऱ्याला एकट्याने शिकार करता येत नाही, सोबत परवानाधारक पीएच असावाच लागतो.

खरी कसोटी गोळी चुकली की लागते. गोळी पोटात किंवा पायात लागलेला रानरेडा, म्हणजे आफ्रिकेतला केप बफेलो, दाट झुडपात शिरतो आणि दबा धरून थांबतो. त्याच्या मागे जायचं कुणी? क्लायंट गाडीत बसू शकतो, पीएच नाही. जखमी जनावर तसंच सोडून येणं हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. 'बिग फाइव्ह' हा शब्द आपण सफारीच्या जाहिरातीत वाचतो ना, तो मुळात शिकाऱ्यांचाच. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा, पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे म्हणून हे पाच.

धोका कागदावरचा नाही. २०१७ च्या मे महिन्यात झिम्बाब्वेत थ्युनिस बोथा हा अनुभवी दक्षिण आफ्रिकी पीएच क्लायंटना घेऊन गेला होता. हत्तींच्या कळपाने हल्ला केला, एका हत्तिणीने त्याला सोंडेने उचललं. दुसऱ्या शिकाऱ्याने तिला गोळी घातली आणि ती कोसळली ती बोथाच्या अंगावरच. तो जागीच गेला.

पैशाचं गणित कसं? क्लायंटकडून दोन प्रकारचे पैसे घेतले जातात. एक रोजाचा दर, दुसरी ट्रॉफी फी, म्हणजे ज्या जनावराची शिकार झाली त्याची ठरलेली किंमत. जनावर जखमी होऊन निसटलं तरी ही फी बहुतेक ठिकाणी भरावीच लागते. हा पैसा आधी सफारी कंपनीकडे जातो. पीएच तिचा पगारी माणूस असतो किंवा दिवसावर काम करणारा फ्रीलान्सर. वर क्लायंटने खूश होऊन दिलेली टिप. मुख्य हंगाम हिवाळ्यातला, गवत वाळून जमिनीला टेकलं की. उरलेले महिने काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे इन्स्टाग्रामवर दिसते ती टोपी, लँड क्रुझर आणि शेकोटी खरी. पण महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार हे चित्र बऱ्याच जणांसाठी खरं नाही.

चार पेपर, दोन वर्षं, आठवडाभराचं जंगल

पीएच व्हायचं कसं, याचं उत्तर देशागणिक बदलतं. आणि इथेच गंमत आहे.

दक्षिण आफ्रिकेत मान्यताप्राप्त पीएच स्कूल असतात. साधारण दहा दिवसांचा कोर्स, परीक्षा, मग प्रांताचा परवाना. नामिबियात पायऱ्या आहेत. आधी हंटिंग गाइड, मग मास्टर हंटिंग गाइड, मग प्रोफेशनल हंटर आणि त्यानंतर मोठ्या, धोकादायक प्राण्यांसाठी वेगळी पात्रता.

सगळ्यात कडक म्हणून ओळख आहे ती झिम्बाब्वेची. तिथे आधी लेखी परीक्षा: कायदा, प्राण्यांच्या सवयी आणि अधिवास, बंदुका आणि जनरल असे पेपर. ते सुटले की नेमबाजीची चाचणी. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं. हे सगळं जमलं की मिळतो तो फक्त 'शिकाऊ' परवाना. त्यानंतर किमान दोन वर्षं परवानाधारक पीएचच्या हाताखाली उमेदवारी. या काळात टायर बदलायचे, तंबू ठोकायचे, कातडी सोलायला मदत करायची, गुरुजींचा ओरडा खायचा. केलेल्या प्रत्येक कामाची लॉगबुकमध्ये नोंद. मग तोंडी परीक्षा आणि शेवटी साधारण आठवडाभराची प्रत्यक्ष जंगलातली परीक्षा. तिथे परीक्षक उमेदवाराच्या मागे चालत असतात. कॅम्प नीट लावला का, गाडी बंद पडली तर दुरुस्त करता येते का, पाहुण्यांशी बोलता येतं का आणि अंगावर येणाऱ्या जनावरासमोर हात थरथरतात का, सगळं तपासलं जातं. खूप जण नापास होतात, पुन्हा बसतात. आपल्या सीएच्या मुलांना ही गोष्ट लगेच पटेल!

महत्त्वाचं म्हणजे याच शिडीवरून झिम्बाब्वेत प्रोफेशनल गाइडसुद्धा तयार होतात. म्हणजे शिकार न करता पर्यटकांना पायी जंगल दाखवणारे. म्हणून तर झिम्बाब्वेच्या गाइडना आफ्रिकाभर मान आहे. ज्ञान तेच, शिस्त तीच, शेवटी फक्त गोळी झाडायची की कॅमेरा क्लिक करायचा, एवढाच फरक.

सेसिल प्रकरण काय सांगतं?

आता प्रश्न असा, की एवढी कडक परीक्षा असलेल्या त्याच झिम्बाब्वेत सेसिल कसा मारला गेला?

जुलै २०१५. ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला काळ्या आयाळीचा, पर्यटकांचा लाडका सिंह. वय १३. गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लावलेला ट्रॅकिंग कॉलर. वॉल्टर पामर नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने उद्यानाच्या हद्दीबाहेर त्याच्यावर बाण मारला. सिंह जखमी झाला आणि काही तासांनी त्याला संपवण्यात आलं. त्यासाठी पामरने सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या. जगभर संताप उसळला. पामरच्या दवाखान्यासमोर निदर्शनं झाली. पण झिम्बाब्वेत गुन्हा कुणावर दाखल झाला? सोबतच्या पीएचवर. पामरची कागदपत्रं नियमानुसार होती, असं तिथल्या सरकारने सांगितलं. पुढे २०१६ मध्ये पीएचवरचे आरोपही कोर्टाने रद्द केले.

कोर्टात काय टिकलं, काय नाही, हा एक भाग. पण या प्रकरणाने एक गोष्ट लख्ख दाखवली. या सगळ्या साखळीत 'थांब, हा सिंह नाही' असं म्हणू शकणारा माणूस एकच असतो आणि तो पीएच. क्लायंट हजारो किलोमीटरवरून आलेला, त्याला सिंह आणि सिंह यात फरक कळत नाही. सरकारी अधिकारी दरवेळी हजर असेलच असं नाही. उरतो तो पीएच. आणि त्याचा रोज, त्याची टिप, पुढच्या वर्षीचं बुकिंग हे सगळं क्लायंटच्या खूश होण्यावर. 'नाही' म्हणण्यासाठी ज्याला नेमलंय, त्याचं पोट 'हो' म्हणण्यावर चालतं! शिकारीच्या बाजूने आणि विरोधात जगभर जो वाद चाललाय, त्यातला हा सगळ्यात अवघड मुद्दा आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

यावर उपाय नाहीत असं नाही. मोझांबिकच्या निआसा भागात सिंहाच्या वयाचा नियम आहे. सहा वर्षांपेक्षा लहान नर मारला तर त्या कंपनीचा पुढचा कोटा कापला जातो. झिम्बाब्वेनेही नंतर तसा नियम आणला. का? तरुण नर गेला की त्याच्या कळपावर बाहेरचे नर ताबा मिळवतात आणि आधीच्या नराची पिल्लं मारून टाकतात. एका गोळीत एक नाही, पाच-सहा सिंह जाऊ शकतात. म्हणून पीएचला नाकाचा रंग, आयाळ, चेहऱ्यावरचे व्रण यावरून वय ओळखता यायला हवं. चुकलं तर पुढच्या वर्षी धंदा बसतो. म्हणजे 'नाही' म्हणण्यालाही किंमत मिळायला लागली. नियम असा हवा.

पिंजऱ्यातला सिंह आणि संघटनेतली फूट

या पेशात सगळे एकाच माळेचे मणी नाहीत, हे दक्षिण आफ्रिकेतल्या भांडणावरून कळतं. तिथे सिंह पैदास करून, कुंपणाच्या आत सोडून त्यांची शिकार विकायचा मोठा धंदा उभा राहिला. ३०० हून जास्त केंद्रं, सुमारे आठ हजार सिंह. लहान असताना पर्यटकांनी मांडीवर घेऊन सेल्फी काढायचे, मोठे झाले की शिकाऱ्याने मारायचे, मेले की हाडं आशियात निर्यात. 'कॅन्ड हंटिंग' म्हणतात याला, डबाबंद शिकार.

तिथली पीएच लोकांची संघटना फासा १९७८ पासूनची. सेसिल प्रकरणानंतर, २०१५ मध्ये या संघटनेने असल्या शिकारीशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, ठराव फिरवला. त्यावर नाराज झालेल्या अनेक पीएचनी राजीनामे दिले आणि २०१८ मध्ये वेगळी संघटना काढली. अमेरिकेतल्या मोठ्या शिकारी क्लबांनीही पिंजऱ्यातल्या सिंहांच्या शिकारीच्या जाहिराती घेणं थांबवलं. विचार करा, जे लोक शिकारीवरच जगतात त्यांनीच 'ही शिकार नाही' असं म्हटलं. त्यानंतर मे २०२१ मध्ये सरकारच्या समितीने ही पैदास बंद करायची शिफारस केली आणि २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्या दिशेच्या धोरणाला मंजुरी दिली.

म्हणजे 'ट्रॉफी हंटिंग' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. दोन्हीला एकाच काठीने हाकलं की चर्चा पुढे जातच नाही.

शेजारी हत्ती असेल तर?

दुसरी गोष्ट नामिबियाची. तिथे १९९६ मध्ये कायदा बदलून गावकऱ्यांना त्यांच्या भागातल्या वन्यजीवांचे हक्क दिले गेले. गावांनी एकत्र येऊन 'कॉन्झर्व्हन्सी' स्थापन करायची, प्राणी मोजायचे, राखणदार नेमायचे आणि पर्यटन किंवा शिकारीतून आलेला पैसा गावासाठी वापरायचा. १९९८ मध्ये सुरुवात झाली, आज अशा ८६ कॉन्झर्व्हन्सी आहेत आणि त्यांनी देशाची सुमारे २० टक्के जमीन व्यापली आहे. सरकारी आकडेवारीनुसार १९९५ च्या सुमारास साडेसात हजारांच्या आसपास असलेले हत्ती २४ हजारांच्या घरात गेले. शिकारीमुळेच वाढले असं म्हणणं अति होईल, पण शिकार असूनही वाढले हे नाकारता येत नाही.

शिकारीचा पैसा गावाला का आवडतो? कारण त्याला लॉज लागत नाही, स्विमिंग पूल लागत नाही, रस्ताही धड लागत नाही. जिथे फोटो काढणारा पर्यटक कधीच जाणार नाही अशा कोरड्या, काटेरी पट्ट्यातही शिकारी येतो. पैसे देतो आणि मांस गावात राहतं.

याच नामिबियाने २०१४ मध्ये एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना अमेरिकेत लिलावात काढला. साडेतीन लाख डॉलर आले, तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपयांच्या वर. गेंडा म्हातारा होता, प्रजननाच्या वयापलीकडचा, तरुण गेंड्यांवर हल्ले करणारा, असं सरकारचं म्हणणं. आंतरराष्ट्रीय साइट्स कराराने २००४ पासून नामिबियाला वर्षाला पाच काळ्या गेंड्यांची परवानगी दिलेलीच आहे. तरीही लिलाव जिंकणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. लुप्त होण्याच्या काठावरचा प्राणी वाचवायला त्यातलाच एक मारायचा, हे पचायला जडच आहे. मलाही जड जातं. पण 'मग राखणदारांचा पगार कोण देणार?' या नामिबियाच्या प्रश्नाचं उत्तर धमक्या देणाऱ्यांकडे नव्हतं.

बोत्सवानाने तर दोन्ही करून पाहिलं. जानेवारी २०१४ मध्ये इयान खामा राष्ट्राध्यक्ष असताना शिकारबंदी आणली. जगाने टाळ्या वाजवल्या. पण देशात सुमारे एक लाख ३० हजार हत्ती आणि माणसं पंचवीसेक लाख. हत्ती शेतात शिरायचे, पिकं झोपवायचे, माणसं मरायची आणि शिकारीतून मिळणारा रोजगारही गेलेला. मे २०१९ मध्ये मोकग्वीत्सी मासीसी यांच्या सरकारने बंदी उठवली. निवडणूक काही महिन्यांवर होती, ग्रामीण मतं महत्त्वाची होती, हेही खरं. राजकारण आहेच. पण ज्याच्या घरामागे हत्ती उभा आहे त्याचं मत आणि ज्याच्या वॉलपेपरवर हत्ती आहे त्याचं मत सारखं असेल कसं?

निर्णय दुसरीकडेच

तर आता त्या २० हजार हत्तींकडे. ट्रॉफी म्हणजे मारलेल्या प्राण्याचं डोकं, शिंगं, कातडी. शिकाऱ्याला ती घरी न्यायची असते. घरी नेताच येणार नसेल तर बरेच जण येणारच नाहीत. म्हणून शिकारबंदी न करताही शिकार बंद पाडता येते, आयात रोखून!

फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये सिंहाच्या ट्रॉफी बंद केल्या. नेदरलँड्सने २०१६ मध्ये सुमारे २०० प्रजातींच्या. बेल्जियमच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये एकमताने कायदा केला. ब्रिटनमध्ये मार्च २०२३ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने विधेयक मंजूर केलं, ते पुढे लॉर्ड्समध्ये अडकलं. मग लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात बंदीचं आश्वासन दिलं.

यावर बोत्सवानाचे मंत्री म्हणाले, दहा हजार हत्ती लंडनच्या हाइड पार्कात पाठवतो, राहून बघा त्यांच्यासोबत. जर्मनीनेही निर्बंधांची भाषा केली तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये मासीसींनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं, २० हजार हत्ती भेट देतो, आम्हाला सांगता तसं तुम्ही राहा त्यांच्याबरोबर. मीम्स खूप झाले. पण टोमण्यात राग होता. एकेकाळी युरोपातून येऊन गोऱ्यांनीच इथे बेसुमार शिकार केली. साहेबाने मारलं तर तो खेळ आणि स्थानिकाने पोटासाठी मारलं तर चोरटी शिकार, असे कायदे केले. आता तेच आम्हाला निसर्ग शिकवणार का, असा तो राग.

हा राग समजून घेताना एक चूक मात्र टाळायला हवी. सरकार म्हणतं तेच गावकऱ्याचं मत, असं धरून चालायची. शिकारीचा पैसा मधल्यामध्ये मुरतो, गावापर्यंत पोचतो तो चमचाभर, अशा तक्रारी आफ्रिकेतूनच होतात. दक्षिण आफ्रिकेत एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने हत्ती, बिबट्या आणि काळ्या गेंड्यांच्या शिकार कोट्याला स्थगिती दिली, तीही तिथल्याच प्राणीसंस्थेच्या याचिकेवर. म्हणजे 'आफ्रिका विरुद्ध युरोप' असं सरळ चित्र नाहीच.

माग काढणारा कोण, परवाना कुणाचा?

आणखी एक प्रश्न, जो रील्समध्ये दिसत नाही. शिकारीचे फोटो नीट बघा. मध्ये क्लायंट, शेजारी पीएच. दोघंही बहुतेक वेळा गोरे. कडेला किंवा फ्रेमच्या बाहेर ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा. तो कृष्णवर्णीय. वाळलेल्या जमिनीवर अर्धवट उमटलेल्या खुरावरून जनावर किती वेळापूर्वी गेलं, लंगडतंय का, हे तो सांगतो. त्याच्याशिवाय पीएच आंधळा.

मग तोच पीएच का होत नाही? ज्ञान कमी म्हणून नाही. परीक्षा इंग्रजीत. मोठ्या कॅलिबरची रायफल महाग. गाडी हवी, परदेशी क्लायंट ओळखीचे हवेत. वडिलांची रँच असेल तर हे सगळं घरातच असतं. नसेल तर दोन वर्षांची उमेदवारी करताना घर चालवायचं कसं? परीक्षा सगळ्यांना सारखी, पण परीक्षेपर्यंत पोचायचा रस्ता सारखा नाही. हे वाचताना आपल्याकडच्या क्लासेसच्या फिया आठवल्या तर नवल नाही. कृष्णवर्णीय पीएच तयार व्हावेत यासाठी प्रयत्न सुरू आहेत, काही जण परवाना मिळवून उत्तम काम करतायत. पण चित्र बदलायला वेळ लागतोय. 'गावाला फायदा होतो' हे वाक्य ऐकलं की म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायचा: मजुरीचा फायदा की मालकीचा?

आपला काय संबंध?

आहे, आणि थेट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोत आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेले बारा दक्षिण आफ्रिकेचे. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, त्याच देशांकडून आपण वन्यजीव संवर्धनासाठी प्राणी घेतले. नामिबियाशी झालेल्या करारात जैवविविधतेच्या 'शाश्वत वापरा'ची भाषा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात साइट्सच्या बैठकीत आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापाराचा प्रस्ताव आला, तेव्हा आजवर ठाम विरोध करणारा भारत तटस्थ राहिला. प्रस्ताव पडला, पण आपल्या त्या तटस्थपणाची बातमी जगभर झाली.

दुसरा धागा आपल्या यवतमाळचा. पांढरकवड्याच्या परिसरातली अवनी वाघीण, टी-१. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. घातली कुणी? हैदराबादहून बोलावलेल्या खासगी नेमबाजाच्या मुलाने. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत ठरलेली प्रक्रिया पाळली गेली नाही, असं समोर आलं. २०१६ मध्ये बिहारमध्ये नीलगायी मारायलाही असेच बाहेरून नेमबाज आणले होते.

आपल्याकडे शिकार पर्यटन नाही आणि ते यावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण क्वचित का होईना, एखादं जनावर मारायची वेळ आपल्यावरही येते. कायद्यातच तशी तरतूद आहे. तेव्हा बंदूक कुणाच्या हातात असावी, त्याची परीक्षा कुणी घ्यावी, चुकला तर जबाबदार कोण? झिम्बाब्वेने निदान त्याचे चार पेपर आणि एक लॉगबुक तरी ठरवलंय. आपण अजून ऐनवेळी फोन फिरवतो.

मग हे करिअर टिकणार का?

ट्रॉफीचा बाजार आक्रसतोय, हे उघड आहे. सगळ्यात मोठा ग्राहक अमेरिका. तिथलं धोरण सरकारगणिक फिरतं. कोविडच्या २०२० मध्ये विमानं थांबली आणि सगळा धंदा एका रात्रीत ठप्प झाला. आज विशीत असलेल्या मुलाने पुढची ४० वर्षं यावर काढायची म्हटली तर जोखीम मोठी आहे.

पण त्याच्याकडचं कौशल्य वाया जाणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये भीषण दुष्काळात नामिबिया सरकारने ८३ हत्तींसह ७२३ प्राणी मारून मांस लोकांना वाटायचं ठरवलं. ते काम पीएच आणि सफारी कंपन्यांनाच दिलं. पहिल्या १५७ प्राण्यांतून ५६ हजार किलोहून जास्त मांस मिळालं. त्यावरही जगभर टीका झाली. पण तिथे ट्रॉफी नव्हती, फोटो नव्हता, होती फक्त भूक. शिवाय पायी सफारीचे गाइड, चोरट्या शिकारीविरोधातली पथकं, गेंड्यांना कॉलर लावणाऱ्या टीम, सगळीकडे माग काढता येणारा आणि जनावर वाचता येणारा माणूस लागतोच.

म्हणून मला वाटतं, 'शिकार हवी की नको' यावर कॉलेजच्या डिबेटमध्ये टाळ्या मिळवणं सोपं आहे. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्याने एवढं सांगावं, की ट्रॉफी फी बंद झाल्यावर राखणदाराचा पगार आणि बुडालेल्या पिकाची भरपाई कोण देणार, किती आणि किती दिवसांत? शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्याने एवढं दाखवावं, की क्लायंटच्या खिशातून निघालेल्या प्रत्येक डॉलरमधले किती सेंट त्या गावात पोचले, ज्याच्या नावाने शिकार विकली गेली. या दोन हिशेबांचे कागद टेबलावर आले, तर निम्मं भांडण तिथेच मिटेल. आणि हो, रानडुकरांनी झोपवलेल्या मक्याच्या किंवा बिबट्याने नेलेल्या शेळीच्या भरपाईसाठी तहसील आणि वन विभागाच्या चकरा मारणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. यातला पहिला हिशेब त्याला तोंडपाठ असेल.